दीड रेघ

आजोबांना अक्षर येत नव्हतं.
खडकी बाजारात, दारूगोळा कारखान्याच्या वाटेवर
केरबा सातपुते यांचं दुकान, आणि गिऱ्हाइकांची वही म्हणजे
तपकिरी कागदांवर पेन्सिलीनं गिरवलेली पावलं.
शेजारी खूण : घोडेवाल्या कप्तानाला नाल,
पाद्र्याला क्रूस,
आणि एकाला नुसतंच वाटोळं.

वाटोळं म्हणजे फुटबॉल.
माणसाचं नाव गिलक्रिस्ट. आजोबा म्हणायचे, गिरकिस.

पहिलं पाऊल एकोणीस सालचं.
डावं उजव्यापेक्षा जवभर लांब.
डाव्याला करंगळी नाही,
फ्रान्सच्या चिखलात काळी पडली, ती तिथंच राहिली.
"चेंडू डाव्यानं मारता," आजोबा माप घेता घेता म्हणाले.
तो पलटणीतला पहिलाच गोरा,
जो मोच्याच्या ओट्यावर बसून मोठ्यानं हसला.

त्याआधीची पावलं या वहीत नाहीत.
ती ग्रीनॉकला. तिथं मुळेसारखी नदी, पण तिच्यात जहाजं.
(आजोबांनी हे शेवटपर्यंत मानलं नाही.)
बाप रिवेट ठोकायचा, पोरगा डावीकडून पळायचा.
बावीस सामने, सहा गोल,
आठवड्याला तीस शिलिंग,
आणि कपाच्या सामन्यात आडव्या दांडीवर आदळलेली एक पेनल्टी.
ती तो दर वर्षी सांगायचा.
दर वर्षी दांडी बोटभर खाली यायची.

दुसरं पाऊल तेवीसचं. टाच रुंदावलेली.
पलटण बोटीत बसली, हा कारखान्यात फिटर झाला.
का राहिला? कुणी म्हणे नर्स, कुणी म्हणे बाटली.
आजोबा म्हणत, तिकडं तो म्हणजे ती पेनल्टी.
इकडं डावा पाय.

संध्याकाळी रुळांपलीकडच्या मैदानात
पोरं अनवाणी. येसाजी लोंढे, हमीद बागवान,
इंजिनात कोळसा टाकणाऱ्याचा मुनस्वामी.
शिट्टी नव्हती, तो दोन बोटं तोंडात घालायचा.
"बघ आधी, मग पळ,"
एवढं एकच मराठी वाक्य त्याला नीट यायचं.

अठ्ठावीस साली अंतिम सामना, गोऱ्या पलटणीशी.
बूट नवे. आजोबांनी तीन रात्री शिवलेले.
मध्यंतराआधीच डाव्याचा तळ सुटला,
सुसरीसारखा जबडा वासला.
मैदान हसलं.
त्यानं दोन्ही बूट काढून रेषेबाहेर टाकले,
आजोबांनी ते उचलले आणि छातीशी धरून
शेवटपर्यंत उभे राहिले.
नऊ बोटांनी खेळला तो, त्या पोरांसारखाच.
तीन-एक हरले.
तो एक मुनस्वामीचा.
पण चेंडू कुठून आला, हे सांगताना
ऐंशीव्या वर्षीही आजोबांचा डावा पाय हलायचा.

तिसरं पाऊल त्याच रात्रीचं.
त्यानं स्वतःच कागदावर ठेवलं.
कड थरथरलेली, अंगठ्याजवळ मातीचा डाग.
नवे बूट तयार झाले तेव्हा तो विषमज्वरानं गेलेला.

या पावलाशेजारी एक उभी रेघ आणि एक अर्धी.
दीड रुपया.
येणं की देणं? बाबांनी एकदा विचारलं.
आजोबा म्हणाले, "राहू दे."
मी त्याच कारखान्यात छत्तीस वर्षं नकाशे वाचले,
केसाएवढा फरकही पकडायचो,
पण ही दीड रेघ मला वाचता येत नाही.

परवा दफनभूमीत गेलो.
दगडावर नाव, साल, वय चाळीस.
फुटबॉलचा उल्लेख नाही.
गवत बाजूला केलं, कागद पसरला,
तर वारा सुटला. उडेल म्हणून
चप्पल काढून त्यावर पाय ठेवला, डावा,
हाताला लागेल तो.

बसला.
पुढं जवभर जागा उरली,
आणि कडेला, माझ्या करंगळीखाली,
कोरा कागद.