वेळसूरकर

मालवणच्या बंदर कार्यालयात
फॉर्मवरचं आडनाव वाचून कारकून अर्धा उठला.
"साहेबांचे कोण तुम्ही?"

साहेब म्हणजे मंत्री. किंवा मग ते दुसरे,
ज्यांचं नाव कुडाळपासून कोल्हापूरपर्यंत
आमरसाच्या डब्यांवर, टेम्पोंच्या पाठीवर फिरतं.
दोघेही वेळसूरकर. एकमेकांचे कोणी नाहीत,
माझेही नाहीत.
मी होडीचा परवाना नवा करायला आलो होतो.

"कोणी नाही" म्हटलं की काय होतं, ठाऊक आहे मला:
माणूस परत बसतो,
खुर्ची करकरते,
शिक्का कुठेतरी हरवतो.
म्हणून त्या दिवशी म्हणालो, "चुलते लागतात."
कोणते, ते त्याने विचारलं नाही.

चहा आला. पंखा माझ्याकडे वळला.
दहा मिनिटांत परवाना.
निघताना त्याने हळूच पुतण्याचा बायोडेटा दिला,
प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी न पाडता.
हर्षद तुळशीदास कोचरेकर, वय चोवीस,
टायपिंग येतं, पोहता येतं.

बाबाला सांगितलं.
जाळं तुणता तुणता तो हसला.
"गावात माका कोण वेळसूरकर म्हणता?
बाबी तारी, बस.
आडनाव जाणाऱ्याक लागता, रे.
रवणाऱ्याक कित्याक?"

खरंच की. खाडीच्या या काठावर
खुरसातले, मधल्या घरातले, पोफळीवाले.
वेळसूरकर कोणीच नव्हतं
पलीकडच्या शाळेत मास्तरांनी हजेरीत लिहीपर्यंत.
तर ओलांडली की चिकटतं ते,
अंगावर वाळलेल्या खाऱ्या पाण्यासारखं,
आधी कळतही नाही,
मग खाजवत राहायचं जन्मभर.

मंत्र्यांच्या आज्यालाही असंच चिकटलं असेल,
आमरसवाल्यांच्याही.
एक पत्र्याची ट्रंक, एक फणस,
आणि वल्ह्यावर आमचाच कोणीतरी.
घेतले असतील त्याने दोन पैसे.
किंवा नसतीलही,
आपलाच माणूस म्हणून.

परवा बाजाराला गेलो तर
कारकुनाने खिडकीतूनच हात केला.
"साहेबांना दिलात ना?"
"दिला," म्हटलं.

घरी आढ्याला, जुन्या जाळ्याच्या वर
खोचून ठेवलीय ती पिशवी.
दर चार दिवसांनी हात लावून बघतो.
अजून कोरडी आहे.