चालता-बोलता

आमच्याकडे म्हणत, "शेवटपर्यंत चालता-बोलता होता हो."
शेफील्डमध्ये पहिल्या वर्षाच्या वर्गाला
हे इंग्रजीत सांगायला गेले
आणि फळ्यापाशीच अडले.
पोरं वह्या उघडून बसलेली.
मग म्हटलं, राहू दे, कॉरिडॉरमध्ये चला.

दहा मीटर. दोन्ही टोकांना निळी चिकटपट्टी.
स्टॉपवॉच माझं, अठ्ठ्याऐंशी सालचं,
काच तडकलेली, सेकंद शाबूत.
पेशंट चालत असताना त्याला साधंसं काही विचारा,
मी सांगायची. सकाळी काय खाल्लं, मुलगी कुठे असते.
उत्तर द्यायला तो थांबला
तर उत्तर लिहू नका.
थांबणं लिहा.

आर्नल्ड ब्रॅमॉल थांबायचे.
चाळीस वर्षं सुऱ्या-काट्यांना चकाकी दिलेला माणूस,
उजवा हात मांडीवर
कुणी बसमध्ये विसरून गेलेल्या हातमोज्यासारखा.
चमचा दिला की डाव्याने उलटा करून बघत
आणि ठेवून देत. काम बरं नाही म्हणत, कारखान्याचं.
सात आठवडे मी त्यांच्याशी एकच बोलले:
भार टाका. उजव्यावर. अजून.
मनात म्हणायची, भरवसा.
भार आणि भरवसा सख्खे नसतील,
माझ्या तोंडात तरी शेजारी राहतात.
आठव्या आठवड्यात खिडकीपासून दारापर्यंत
वॉर्डातला चहा किती पांचट, यावर
ते अखंड बोलत आले
आणि मी स्टॉपवॉच दाबायला विसरले.
त्या दिवसाचा रकाना कोरा आहे.

ट्रेसी हेग, एकतीस, दोन मुलं.
तिचे सगळे रकाने भरलेले. अकरा महिने.
काही परत आलं नाही.
शेवटी तिला खुर्चीचा ब्रेक लावायला शिकवला,
आणि आम्ही दोघींनीही
त्याला यश म्हटलं नाही.

वर्गात मी पोरांचे हात बांधायची.
लिहिता हात, क्रेप बँडेजने, छातीशी.
आता कार्डिगन घाला.
आधी हसू फुटायचं, मग घाम.
एकदा एकाला नापास केलं, चांगला हुशार होता,
न विचारता पेशंटचं कोपर धरलं म्हणून.
वडिलांचं चार पानी पत्र आलं. मी दोन ओळी लिहिल्या.
तो आता लीड्सला शिकवतो.
दर ख्रिसमसच्या कार्डावर खाली बारीक अक्षरात,
"विचारून धरतो."

निरोपाचा केक झाला, भाषणं झाली.
तेहतीस वर्षं, कुणी म्हणालं, आणि इतके इतके विद्यार्थी.
आकडा मला नीट ऐकू आला नाही.
बेथन म्हणाली, स्टेशनपर्यंत येते.
माझी पहिली पीएचडी ती, आता तिचेच केस पिकलेत.
या गावात सपाट म्हणून काही नाही,
फुटपाथ उताराचा, वर ओला पाला.
तिने विचारलं, आता पुढे काय करणार?
साधंसंच.

मी थांबले.
उत्तर दिलं. बहुधा बागेचं काही.
मग पाय उचलला.

तिने पाहिलं. मीच शिकवलंय,
न पाहणं तिला जमणारच नाही.
पण ती खाली दरीकडे वळली,
बंद पडलेल्या भट्ट्यांच्या छपरांकडे,
आणि म्हणाली, इथून बरं दिसतं, नाही?
मग आपलं कोपर जरा बाहेर काढलं,
माझं धरलं नाही,
नुसतं आपलं बाहेर काढलं,
आणि उतार संपेपर्यंत
मला एक अवाक्षर विचारलं नाही.