नमुना क्रमांक ४१२

दांडिया बाजारातून चालत आली, रिक्षाही केली नाही.
माझ्या बिल्ल्यावर 'सुर्वे' वाचलं,
तरी गुजरातीत म्हणाली, 'त्यां बळे छे.'
मीही गुजरातीतच विचारलं, केव्हापासून?
आपल्या शब्दांच्या मागे घरातली माणसं उभी असतात.
बडोद्यात ही एक सोय आहे.

आठ महिने. तीन वेळा तीच गुलाबी गोळी.
रक्तातली साखर पाहून झाली, नव्हती.
दही सोडलं, मग दहीच खाल्लं,
कडुनिंबाच्या पाण्यानं धुतलं, एकदा डेटॉलनं,
आणि त्या रात्री जिन्यात बसून राहिली.
नमुना मात्र कुणीच घेतला नव्हता.
सगळ्यांना आधीच माहीत होतं.

दोन दिवसांनी प्लेटवर उगवलं,
मऊ, साईच्या रंगाचं, राजगिऱ्याएवढं.
त्यातला एक ठिपका सीरममध्ये सोडला.
सदतीस अंश, अडीच तास.
नेहमीची बुरशी तेवढ्यात नळी काढते,
मटकीला मोड यावा तशी.
हिला मोड आला नाही.
भिंगाखाली चिमुकल्या पेशी,
एकीच्या कुशीला दुसरी, बस्स.
पुढच्या चाचणीत दोनच साखरा खाल्ल्या तिनं,
बाकीच्यांना तोंड लावलं नाही.
मी अहवालात लिहिलं: कॅन्डिडा ग्लाब्राटा.
ग्लाब्राटा म्हणजे गुळगुळीत, टकली.
गुलाबी गोळीला ती सहसा भीक घालत नाही.

डॉक्टर अमी बूच यांनी गोळी थांबवली.
दिवस गेलेले नाहीत ना, हे दोनदा विचारलं.
मग बोरिक ॲसिड, सहाशे मिलिग्रॅमची कॅप्सूल,
रोज रात्री एक, आत ठेवायची, चौदा रात्री.
तोंडात चुकूनही नाही, ते विष आहे.
रावपुऱ्यातले कीर्तिकाका काट्यावर तोलून भरतात,
डबीवर लाल शाईनं फुली मारतात,
आणि गिऱ्हाइकाकडे बघत नाहीत.

ती डबी घेऊन पुन्हा जिना चढून आली.
'म्हणजे कॅरमची पावडर?'
हे मराठीत.
रसायन तेच, म्हटलं, पण बोर्डावरची नव्हे हं.
आधी ती हसली, मग मी,
आणि इन्क्युबेटरचा दिवा उगीचच पिवळा वाटला.

महिन्यानं पुन्हा नमुना. प्लेट पाच दिवस ठेवली.
काही उगवलं नाही.
रिकामी प्लेट खिडकीशी धरून बघायची मला खोड आहे,
कितीही वेळ बघते.

फोन केला तेव्हा तिच्यामागे सोंगट्या आपटत होत्या.
तिनं दार लावून घेतलं नाही.
'आता तिथं जळत नाही,' म्हणाली, चांगलं मोठ्यानं.
कुणीतरी ओरडलं,
राणी गेली, कव्हर घे, कव्हर.