चौथी फळी, डावी बाजू

शुक्रवारी ऑफिस बंद.
साडेसहालाच सूरच्या खाडीवर यायचो,
घडीचं स्टूल, पाण्याची बाटली, रंगांची डबी,
आणि तासाभरात तीन चित्रं उरकायचो.
गलबतं काय, सगळी सारखीच:
एक फुगीर रेघ, एक उभी नाळ, मागे पांढरी घरं,
आकाशाला कोबाल्ट, वाळूला पिवळी माती.
कागद इथे असा वाळतो
की ब्रश उचलायच्या आत रंगाला कड धरते.
मला वाटायचं, या हवेलाच घाई आहे,
माझा काय दोष.

आमद मांडवीचा, कच्छी.
चाळीस वर्षं फळ्यांच्या सांध्यांत
तेलात भिजवलेला कापूस ठोकतोय.
टक्, टक्, मग थांबणं, मग कान लावणं.
एकदा माझ्या मागे येऊन उभा राहिला,
बराच वेळ. मग म्हणाला,
"नाव चांगली आहे. पण बुडेल."

मी हसलो. तो हसला नाही.

"किती फळ्या आहेत हिला?"
मी दिवसभर नकाशे काढणारा,
मिलिमीटरवर पोट भरणारा माणूस;
मला सांगता येईना.

पुढच्या शुक्रवारी डबी उघडलीच नाही.
नुसता बसलो. दहा मिनिटांत कंटाळलो.
हात दोनदा खिशातल्या फोनपर्यंत जाऊन परतला.
त्यानंतर कधीतरी, ऊन जरा वर आल्यावर,
डाव्या बाजूची चौथी फळी दिसायला लागली.

म्हणजे ती तिथंच होती.
खिळ्याखालून गंजाचा ओघळ,
मधोमध एक गाठ, आणि तिला वळसा घालून
पुढे गेलेल्या सागवानाच्या रेषा.
खालच्या कडेला मिठाची पांढरी रेघ,
कुठल्या सफरीची कोण जाणे.
आणि जिला मी आजवर तपकिरी म्हणत आलो
त्या सावलीत खाडीचं हिरवं पाणी हलत होतं.

"तळहात ठेव," आमद म्हणाला. "बोटं नको, तळहात."
उन्हाकडची बाजू कोमट. सावलीकडे अजून रात्र.
हाताला शार्कच्या तेलाचा वास लागला
तो मंगळवारपर्यंत गेला नाही;
मीटिंगमध्ये साहेबांनी खिडकी उघडायला लावली.

त्या रात्री सांगलीहून शाल्मलीचा फोन.
शाळेतलं काहीतरी सांगत होती, भराभर.
तिच्या भुवईत एक बारीक व्रण.
कधी पडली? ही डावी भुवई की उजवी?
मी बघत राहिलो.
"बाबा, हँग झालात का?"
"नाही गं. तू बोल."

आज सहावा शुक्रवार.
कागद आधी ओला करून घेतो, मागूनही,
हवेला तेवढी वाट बघायला लावतो.
आमदच्या दोन ठोक्यांमध्ये जी जागा असते
तिच्यात मावेल एवढीच रेघ काढतो.
चित्रात गलबत अजून नाही.
चौथी फळी आहे, आणि पाचवीची कड.
अमावास्येच्या उधाणाला हिला पाण्यात ढकलणार म्हणतात,
म्हणजे फार तर दोन शुक्रवार.

आमद आला. चहाचा ग्लास कागदापासून लांब धरून वाकला
आणि नखानं फळीवर, माझ्या फळीवर,
हलकेच वाजवलं: टक्.
कान लावला.
"इथे थोडं पाणी शिरेल,"
गाठीजवळ बोट ठेवून म्हणाला,
आणि स्टुलाशेजारी वाळूत बसला.