सूरवाला

जयगडच्या गुरववाडीत माझं काम एवढंच:
सूर धरायचा.
मुख्य सनई धाकूआण्णांची.
ते देवळाच्या पायरीवरून निघून
डोंगर, खाडी, लग्नघर फिरून यायचे,
मी दाराशी कंदील धरल्यासारखा
एकाच स्वरावर उभा.
गालात वारा साठवायचा, नाकानं ओढायचा,
तुटू द्यायचं नाही.
चाळीस वर्षं.

दसऱ्याआधी आण्णा गेले.
नुसत्या सुराला सुपारी कोण देणार?
माझी सनई माळ्यावर, कोकमाच्या बरणीमागे.

पौषातली अवस.
आमच्यात या दिवशी वाद्याला हात नाही.
बंदरात कोळशाचं जहाज, चार दिवस नांगरलेलं,
त्यावर चिनी खलाशी.
लाँचवरचा मुबीन म्हणाला,
आज त्यांचं वर्ष बदलतं,
दोन पोती कोबी नि बाजारातली सगळी संत्री नेली.

रात्री नवाच्या सुमारास पाण्यावरून आवाज आला.
आधी झांजा, पातेली पडावीत तशा.
मग पितळी थाळा,
ठोकला की आवाज खाली वाकायचा.
ढोल घाईत, शिमगा दारात आल्यासारखा.
आणि या सगळ्यावरून
सनई.

सनईच.
बोलणं जरा नाकात, तोंड पितळेचं असावं,
पण पत्तीला जीभ लागते तो क्षण
मला अंधारातही कळतो.
नवरी उतरवतायत की देव बाहेर काढतायत,
कळेना;
शुभ चाललंय एवढं कळलं.

आणि कळलं, त्याच्या खाली कोणी नाही.
एकटाच वर चढत होता.

मी माळ्यावर चढलो.
बायको म्हणाली, अहो, अवस आहे.
म्हटलं, त्यांची नाहीये.

जेटीच्या टोकाला, माशांच्या क्रेटवर बसलो.
पत्ती ओली केली.
माझा सा त्याच्याहून केसभर खाली.
भोकावरचं मेण नखानं खरवडलं,
ओठ आवळला,
लागला.

तो समुद्रभर हिंडला.
मी इकडे कंदील.

सकाळी मानकरी दारात:
अवशीला कोणी फुंकलं?
म्हटलं, जहाजावर वाजत होतं.
खोटं नव्हतं.

त्याला ऐकू गेलं का?
मुबीन म्हणतो, छे, इंजिनाचा आवाज केवढा तिथं.
एकदा मात्र तो एका स्वरावर थांबला,
थांबायचं काही कारण नसताना,
आमचे आण्णा थांबायचे तसा.
दम लागला म्हणून,
की खाली पाय टेकतायत का
बघायला.