चौदा किलो

गावाचं नावच कल्लोळ,
तेव्हा तक्रार कुणाकडे करायची?
दूधगंगा इथेच कृष्णेत शिरते,
आणि ज्या साली दोघींना मिळून जागा पुरली नाही
त्या साली पाणी शाळेच्या घंटेला लागलं.
रात्रभर घंटा वाजत होती,
शिपाई केव्हाच चिकोडीला पोचलेला.

नाव एकच होती, ती पहिल्या दिवशी गेली.
मग जिनाप्पा मगदुमांनी गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडली.
तिला अजून काकवीचा वास होता.
कडेला मुंगळे चिकटून बसलेले,
त्यांना कुणी उतरवलं नाही.

भारमव्वा आमची कुणी नव्हे.
आई अंकलीच्या दवाखान्यात बाळंत होत होती
म्हणून मी तिच्याजवळ, देवळाच्या पत्र्यावर.
तिच्या एका मांडीवर मी, दुसरीवर गंगव्वाचा दगड :
शेंदूर धुऊन गेलेला,
नुसते चांदीचे दोन डोळे.

तिसऱ्या खेपेला सिद्राम अंबी बांबू टेकत आला.
काहिलीत आधीच सहा माणसं, एक शेळी.
"काठ बोटभर उरलाय, अव्वा.
देव तरी घे, न्हाईतर पोर."

अंगणवाडीच्या कार्डावर त्या महिन्यात
माझं वजन चौदा किलो.
दगडाचंही तेवढंच असेल.
कुणी तोलला नव्हता.

भारमव्वानं विचार केला असेल, नसेल.
मला आठवतो फक्त तिचा आवाज,
सुनेला बजावावं तसा :
"तू पाण्याचीच हाईस. तुला पवायला येतंय.
हिला न्हाई."
आणि लेकराला पायावर न्हायला घ्यावं
तशी तिनं गंगव्वा खाली ठेवली,
पाण्यात.

गंजी केंद्रात अकरा दिवस.
भजनाला ती बसली नाही.
बायका ताटाआडून बोलायच्या, हिनं देवी बुडवली.
ती पेज प्यायची, वाटी चाटूनपुसून,
आणि माझ्या केसांतला चिखल उकलत राहायची.

परतलो तेव्हा भिंतींवर एकाच उंचीची रेघ,
श्रीमंतांच्या, गरिबांच्या.
पिठाच्या डब्यात धामण.
तलाठी कागद घेऊन आले : खोल्या किती, जनावरं किती,
भांडीकुंडी अंदाजे.
"देव एक, लिवा," भारमव्वा म्हणाली.
असा रकाना नव्हता.
त्यांनी पेनाला टोपण लावलं.

दिवाळीनंतर कुजलेला ऊस काढताना
कोयता दगडावर वाजला.
उपडी पडलेली. एक डोळा गेलेला.
लोक गोळा झाले, आता म्हातारी रडणार, लोळण घेणार.
ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.
"आलीस?
म्या सांगितलं हुतं न्हवं."

ओटीचा नारळ तिनं दगडावरच फोडला.
अर्धा तिथे ठेवला,
अर्धा माझ्या हातात दिला.
खोबरं थोडं खवट होतं.

मी आता येडूरच्या अंगणवाडीत पोरांची वजनं घेते.
नवरा विचारतो, तू देव मानतेस का?
मला धड सांगता येत नाही.
जिच्या जागेवर बसून मी पैलाड गेले
तिच्यापुढे हात जोडताना
आधी लाजच वाटते.

काटा चौदाशी थरथरायला लागला
की नोंद करायच्या आधी मी जराशी थांबते.
आया घाबरतात. "कमी हाय काय, बाई?"
नाही, मी म्हणते.
पुष्कळ आहे.