केस क्रमांक चारशे सतरा

पुंता अरेनासला वारा असा, की
चौकात माणसांना धरायला दोर बांधतात.
तळघरातल्या प्रयोगशाळेत मात्र कागदही हलत नाही.
डॉक्टर येर्का मारुसिच काचपट्टी सरकवते.
नेलिदा ओयार्सो, वय चौतीस, शाळेची व्हॅन चालवते.
डाव्या गालावर मधे खोलगट, कडेला कणीदार,
वाटाण्याहून लहान काहीतरी.
सर्जनची चिठ्ठी: कर्करोगच वाटतो. सोमवारी कापू.
म्हणजे अर्धा गाल.

इथलं आभाळ विरलेलं, ऊन न गाळता येतं.
पोरांना आधी मलम, मग मुळाक्षरं.
गालावर काही उगवलं
की सगळे आधी तेच नाव घेतात.

दिसतंही तसंच.
पेशींच्या बारीक, शेपटीवाल्या ओळी
दाट तंतूंत शिरलेल्या.
आडवाटेनं जाणारा दर वेळी चोर नसतो.
पण एकदा तिनं साव म्हटलेला
चोर निघाला होता.
त्या बाईंचं नाव तिला पाठ आहे.

माते गार होतो.
केराटिनच्या इवल्या पिशव्या. चुन्याचे खडे.
तंतू पेशींना बिलगून, मधे फट नाही.
कुणालाच घाई नाही.
ती आणखी एक रंग मागवते.

दोन दिवस.
नेलिदा मफलर नाकापर्यंत ओढून पोरं पोचवते.
मागच्या सीटवरून एकजण विचारतो,
तुला कोण चावलं?

तपकिरी ठिपके आले. मोजून नऊ.
स्पर्श ओळखणाऱ्या जुन्या पेशी
त्या ओळींत अजून नांदताहेत.
घर बळकावणारा
जुन्या भाडेकरूंना सहसा ठेवत नाही.

म्हणजे हे बिचारं
केस व्हायला निघालं होतं.
कसं व्हायचं ते अर्धंच आठवलं,
आणि गालातच बसून राहिलं,
एवढंसं, मुकाट.

अहवालात असं लिहीत नाहीत.
ती लिहिते, 'सौम्य'. आधी 'बहुधा' घालते,
खोडते, पुन्हा घालते:
नमुना उथळ आहे, तळ पाहिलेला नाही.
खाली एक ओळ: सोमवारी छोटंच कापा,
सगळं माझ्याकडे पाठवा.

फोनवर सर्जन विचारतो, नक्की?
ती म्हणते, आजच्यापुरतं.

बाहेर वारा तिचे केस
मुळासकट मागतोय.
ती दोर धरते.